चारुदत्त सामंतांचे धडधाकट कान

चारुदत्त सामंतांना दोन प्रकारच्या माणसांचा मनापासून तिटकारा होता. एक, जन्मात जहाजावर पाय न ठेवता जहाजांचा धंदा करणारी. आणि दुसरी, इंजिनरूममध्ये कानांवर आवाज अडवणारे मफ लावून फिरणारी. पहिली माणसं त्यांच्या सिंगापूरच्या ऑफिसात खच्चून भरली होती, त्यांचं काही करता येण्यासारखं नव्हतं. दुसऱ्यांना मात्र त्यांनी बावीस वर्षं मनसोक्त छळलं. कोणी नवा इंजिनियर मफ लावून खाली उतरला, की चीफ इंजिनियर सामंत सगळ्यांदेखत ओरडत, "काय रे, कानाला थंडी वाजते?" तो बिचारा ओशाळून मफ गळ्यात अडकवी. इंजिनाचं दुखणं कानाने ओळखावं लागतं, असं सामंतांचं म्हणणं. त्या बावीस वर्षांत इंजिनानेच त्यांचे दोन्ही कान खाऊन टाकले, पण हे कबूल करेल तो सामंत कसला!

आता एक्कावन्नाव्या वर्षी ते किनाऱ्यावरच्या नोकरीत होते. टेक्निकल सुपरिंटेंडंट. बंदरात आलेल्या जहाजावर चढायचं, यंत्रं तपासायची, चीफ इंजिनियरला झापायचं. झापण्याला ऐकू यावं लागत नाही. फोन आला की सामंत तो वाजू देत आणि नंतर तोऱ्यात सांगत, "मेल टाका. आपल्या धंद्यात तोंडी बोलण्याला किंमत नसते." लोकांना वाटे, काय शिस्तीचा माणूस! मीटिंगमध्ये ते खिडकीला पाठ करून बसत, म्हणजे समोरच्यांच्या तोंडावर उजेड पडे आणि ओठ वाचता येत. विनोद झाला की इतरांपेक्षा क्षणभर उशिरा हसत. हे सगळं सांभाळता सांभाळता संध्याकाळी डोकं असं ठणकायचं, की पुंगोलच्या फ्लॅटवर येऊन ते तासभर कोणाशी बोलत नसत.

दहावीतली मैत्रेयी चिडून म्हणे, "पप्पा, यू नेव्हर लिसन लाह!" सामंत ते खुशाल ऐकून घेत. लक्ष न देणारा बाप म्हणवून घेणं त्यांना चालत होतं, बहिरा बाप नाही. बायकोने, नीताने, दोनदा कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि दोन्ही वेळा त्यांनी ती हाणून पाडली. "मशीन म्हाताऱ्यांना लागतं," ते म्हणाले. त्यांना खरी भीती नोकरीची होती. नोकरी गेली की सिंगापुरात राहायचा पास गेला, पास गेला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा, आणि मैत्रेयीची परीक्षा अजून वर्षभर लांब. भीती रास्तच होती. पण भीती रास्त असली म्हणून माणूस भला ठरत नाही, हे सामंतांकडे बघून कोणालाही पटलं असतं.

तर मार्चमध्ये त्यांच्या हाताखाली एक असिस्टंट घ्यायचं ठरलं. मुलाखतीला एचआरच्या मिस लिम, फ्लीट मॅनेजर आणि सामंत. उमेदवार आला सारंग देवस्थळी, चौतिशीचा, सेकंड इंजिनियर. दोन्ही कानांमागे मशीन, तेही चांगलं निळंशार, लपवायचं नावच नाही. समुद्रावरच्या वैद्यकीय तपासणीत कानांमुळे नापास झाला होता आणि ते अर्जात पहिल्याच ओळीत लिहून मोकळा झाला होता. सामंतांनी मनातल्या मनात त्याला तिथेच निकालात काढलं. नापास व्हायला काय अक्कल लागते?

सारंग बसला आणि म्हणाला, "मला कमी ऐकू येतं. कृपा करून माझ्याकडे बघून बोला, आणि एका वेळी एकानेच." बस, एवढंच. फ्लीट मॅनेजर एरवी लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून पुटपुटायचा. तो मान वर करून बोलू लागला. मिस लिम आपली पाळी येईपर्यंत थांबू लागल्या. आणि चार वर्षांत पहिल्यांदाच सामंतांना एका मीटिंगमधला शब्द न् शब्द कळला. सारंगने टर्बोचार्जरच्या बेअरिंगबद्दल जे सांगितलं, तेही कळलं. ते बरोबर होतं, आणि स्वतः सामंतांना सुचलं नसतं. याचा आनंद व्हायचा, तर सामंत घड्याळाकडे बघू लागले.

मुलाखत संपल्यावर सगळे लिफ्टपाशी उभे राहिले. मिस लिम फोनमध्ये बघत होत्या. सारंग सामंतांकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "सर, तुमचे किती गेलेत?"

सामंत उखडले. "माझे कान ठणठणीत आहेत! तुम्ही तुमचं बघा!"

मिस लिमनी दचकून वर पाहिलं. सारंगचा चेहरा पडला. मग सामंतांच्या ध्यानात आलं. त्या मुलाने आवाज काढलाच नव्हता. शेजारच्या कोणाच्याच कानावर काही पडू नये म्हणून त्याने नुसते ओठ हलवले होते, आपल्यातलं आपल्यात राहावं म्हणून. धडधाकट कानाच्या माणसाने "काय म्हणालात?" असं विचारलं असतं. न उच्चारलेल्या प्रश्नाला सामंत मजलाभर ओरडून उत्तर देऊन बसले होते.

"सॉरी, सर," सारंग म्हणाला. या वेळी आवाजात म्हणाला असावा. लिफ्ट आली आणि तो गेला.

तो भला माणूस कोणाला काही सांगणार नाही, हे सामंतांना पक्कं ठाऊक होतं. पण रोज शेजारच्या खुर्चीत बसून तो बघत तर राहणार! आपलं पितळ उघडं पाडू शकेल असा एकमेव माणूस आपणच ऑफिसात आणून बसवायचा? सामंतांनी जागेवर येऊन मेल लिहिला, आणि मोठ्या झोकात लिहिला: 'उमेदवार हुशार आहे. परंतु ज्याला नीट ऐकू येत नाही अशा कोणालाही जहाजावर पाठवणं धोक्याचं आहे. याला अपवाद नसावा.' शेवटचं वाक्य त्यांना फारच आवडलं. त्यांनी ते ठळक केलं.

सारंगला नकार गेला. कंपनी मात्र तेवढ्यावर थांबली नाही. सुरक्षेचा मुद्दा, तोही सर्वांत अनुभवी माणसाने लेखी दिलेला! जहाजावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानांची तपासणी करायची, असं परिपत्रक निघालं, आणि त्यात सामंतांच्या सूचनेचा आदराने उल्लेख होता. घरी नीताने त्यांच्या फोनवर ते परिपत्रक आणि त्याखालचा त्यांचा मेल वाचला. फोन टेबलावर ठेवून ती त्यांच्यासमोर येऊन बसली. "त्या मुलाला बुडवायला निघालात," ती म्हणाली, "आणि आम्हालाही घेऊन बुडालात." एवढं बोलून ती उठली. 

सामंतांच्या कानांच्या तपासणीचा कागद मिस लिमच्या टेबलावर होता. दोन्ही कानांच्या रेघा पार तळाला गेल्या होत्या. शेजारी सामंतांचाच मेल छापून ठेवला होता, ठळक वाक्यासकट.

"मिस्टर सामंत, हे लाजण्यासारखं नाही," मिस लिम म्हणाल्या. "मशीन लावून तुम्ही काम करू शकाल असं मला वाटतं. पण मग तुमचा हा मेल चुकीचा ठरतो. तो मागे घ्या, मी आजच देवस्थळींनाही परत बोलावते. तुम्ही दोघंही काम करा."

केवढी सोपी गोष्ट होती! एक ओळ लिहायची होती. नोकरी राहिली असती, पास राहिला असता, मैत्रेयी तिच्याच शाळेत परीक्षेला बसली असती.

"मेल बरोबर आहे," सामंत म्हणाले. "त्याची गोष्ट वेगळी, माझी वेगळी. मला अपवाद करा."

"वेगळी कशी? तुमचा रिपोर्ट तर त्यांच्यापेक्षा वाईट आहे."

सामंत खुर्चीत ताठ बसले.

"त्याला मशीन लागतं," ते म्हणाले. "मला लागत नाही."

मिस लिमनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि तेही लिहून घेतलं.