आवाज बंद करून ऐकलेली भाषणं

अमेरिकेच्या अध्यक्षांची भाषणं मी टीव्हीचा आवाज बंद करून बघायचो. इंग्रजी येत नव्हतं हे एक कारण झालं, पण तेवढंच नाही. चिपळूणजवळच्या गावातून मी एसी मेकॅनिकचा हेल्पर म्हणून शारजाला आलो आणि काही वर्षांनी इंडस्ट्रियल एरियात स्वतःचं गोदाम टाकलं. तिथल्या नियमाने लायसन्सवर नाव एका अरबाचं, घाम माझा. जुने एसी घ्यायचे, दुरुस्त करायचे, परत विकायचे. त्या धंद्यात मला एक गोष्ट पक्की कळली. माणूस तोंडाने काहीही बोलतो. गिऱ्हाईक 'लास्ट प्राइस, खलास' म्हणून दाराकडे वळतं, पण त्याचा एक हात एसीच्या जाळीवरच असतो. ते जाणार नसतं. कान बंद ठेवून हात बघितले की सौदा कळतो.

इराकने कुवेत घेतलं तेव्हा माझी मुलगी नुकती दोन वर्षांची झाली होती. त्या हिवाळ्यात शेजारच्या मलबारी कॅफेटेरियातला टीव्ही दिवसभर चालू असे आणि त्यावर अमेरिकेचा अध्यक्ष पुन्हा पुन्हा दिसे. टेबलामागे बसलेला, पाठीमागे झेंडा आणि घरच्यांचे फोटो. दुकानात देवाची तसबीर गल्ल्याच्या बरोबर वर का लावतात हे मला ठाऊक आहे, त्यामुळे ते फोटो बघून माझ्या मनात आदर वगैरे काही आला नाही. मी मालकाला आवाज बारीक करायला सांगायचो. लोक शिव्या द्यायचे.

माझं निदान सरळ होतं. त्याने इराकला कुवेत सोडायची मुदत दिली होती. मुदत देणारं गिऱ्हाईक भांडत नाही, परत येतं. म्हणजे त्याला भाव उतरवून हवाय. युद्ध होणार नाही, असं मी बाजारात सगळ्यांना ठामपणे सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, तसा वागलोही. घाबरलेली कुटुंबं घरं मोडून मुंबईला, कोचीनला निघाली होती आणि चांगले चालू एसी मिळेल त्या किमतीला काढत होती. मी घेत सुटलो. गोदामात चालायला जागा उरली नाही.

माझा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ, अबुधाबीत एका कंपनीत अकाउंटंट होता. कोल्हापूरचा, बीकॉम, इंग्रजी पेपर वाचणारा. तो फोनवर म्हणाला, "दाजी, युद्ध होणार नाही हे तुम्हाला टीव्हीनं सांगितलं का गोदामानं?"

"तुम्ही आकडे जुळवा," मी म्हटलं. "माणसं ओळखणं माझ्यावर सोडा."

एका दुपारी तो गोदामावर आला. भारतीय वकिलातीत सगळ्या कुटुंबांची नोंदणी चालू आहे, बायकोचे आणि मुलीचे पासपोर्ट लागतील, म्हणाला. मी एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. खिशातली कपाटाच्या खणाची किल्ली काढून दिली. रात्र गोदामावर काढून दुसऱ्या दिवशी घरी गेलो तर चूल थंड. दोघी कोल्हापूरला पोचल्यासुद्धा होत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी पहाटे कॅफेटेरियात गर्दी झाली. तोच माणूस त्याच टेबलामागून युद्ध सुरू झाल्याचं सांगत होता, आणि त्या दिवशी मला आवाज कमी करू द्यायला कुणी तयार नव्हतं.

लढाई लवकर संपली. शारजावर ओरखडाही उठला नाही. पण माझी माणसं परत यायला चार वर्षं गेली. कधी सासूबाईंचं दुखणं, कधी बालवाडीचं वर्ष, कधी माझ्या व्हिसाची भानगड; दर पत्रात नवं कारण. प्रत्येक कारणात मला मेहुण्याने खुपसलेलं नाक दिसायचं. शेवटी त्या आल्या तेव्हा एअरपोर्टबाहेर मी टॅक्सीवाल्याशी भांडत होतो. तो साठ दिरहम मागत होता, मी चाळीस म्हणत होतो, चाळीस म्हणजे साडेतीनशे रुपये झाले, काही लाज आहे का, असं माझं चाललं होतं. मुलगी आईच्या मागे लपली आणि म्हणाली, "हा माणूस का ओरडतोय?" तिला ठाऊक होतं मी कोण ते. फोटो दाखवलेला होता. पण फोटो ओरडत नाही.

ते वाक्य मी मेहुण्याच्या खात्यावर टाकलं आणि सोडलं नाही. दिवाळीला तो आला की मी शिव्या घालून गोदामावर निघून जायचो.

मधल्या वर्षांत अमेरिकेत दुसरा अध्यक्ष आला आणि त्याची भाषणं नोकऱ्या, कर, तूट यांच्यावर असायची. शारजाच्या रोला भागात, जिथून आम्ही घरी पैसे पाठवायचो, त्या मनी एक्स्चेंजमध्ये टीव्ही लावलेला असे आणि काउंटरवरचा पोरगा मला अर्थ सांगायचा. युद्धाचं काही निघालं की माणसं फुटपाथपर्यंत उभी राहायची. अर्थव्यवस्थेचं भाषण लागलं की रांगेतलं कुणी मानही वर करत नसे. मला हे उलटं वाटायचं. दिरहम डॉलरला बांधलेला. तिथला माणूस तिथल्या बाजाराबद्दल बोलत होता म्हणजे आम्ही घरी काय पाठवतो त्याबद्दलच बोलत होता. युद्धाच्या भाषणात मुलं, झेंडा, देव असायचे, पैशाचं नाव नसायचं. पैशाच्या भाषणात युद्धाचं नाव नसायचं. जो दुकानदार माल एका खोलीत दाखवतो आणि किंमत दुसऱ्या खोलीत सांगतो त्याच्याकडून मी पंखासुद्धा घेत नाही. पुढे न्यूयॉर्कमधले टॉवर पडले तेव्हाचा अध्यक्ष लोकांना सांगायला लागला की बाजारावरचा भरवसा सोडू नका. मी तेव्हाच म्हटलं, भरवसा ठेवा असं तोंडाने सांगावं लागलं म्हणजे आत काहीतरी जळलंय.

पुन्हा इराकची मुदत निघाली तेव्हा मुलगी दहावीची परीक्षा देत होती. या वेळी अध्यक्षाचं भाषण आमच्या पहाटे होतं. ती अभ्यासाला उठलेली, मी टीव्हीपुढे, आवाज बंद.

"पप्पा, म्यूट करून काय कळतं तुम्हाला?"

"सगळं कळतं. तू बस गणितं करत."

"इट्स हिस्टरी, गणित नाही," म्हणत तिने रिमोट घेतला आणि आवाज मोठा केला. उभ्याने ऐकलं.

"काय म्हणतो?"

"इराकच्या प्रेसिडेंटनं आणि त्याच्या मुलांनी देश सोडून जायचं. नाहीतर वॉर."

"मध्ये कुठे जागा ठेवली आहे का? असं झालं तर तसं करू, असं काही?"

"नो, पप्पा. ही इज नॉट आस्किंग."

मला हातांकडे बघायची गरज उरली नाही. देश सोडून जा असं कुणी गिऱ्हाइकाला सांगत नाही. युद्ध होणार होतं. आणि माझ्या मनात त्या क्षणी बगदाद आलं नाही, मेहुणा आला. मी कपाटाच्या खणाला कुलूप आहे ना ते बघितलं आणि किल्ली बनियनच्या आत, दोऱ्याला बांधून गळ्यात घातली. पासपोर्ट त्या खणात होते. त्या गेल्या तर पुन्हा चार वर्षं जाणार, आणि तोवर पोरगी कॉलेजात. मग ती कुणाकडे येणार?

मेहुणा नाश्त्याच्या वेळेला दारात उभा. अबुधाबीहून थेट गाडी हाकत आलेला, टाय तसाच.

"दाजी, तिकिटं अजून मिळतायत. उद्या मिळणार नाहीत."

"ट्रॅव्हल एजन्सी कधी काढलीत?"

"चेष्टा नको. माझी बायको आज रात्रीच्या विमानानं जातेय. या दोघींना तिच्याबरोबर जाऊ दे."

"हिची परीक्षा चालू आहे."

"जीव राहिला तर परीक्षा."

"मागच्या खेपेला नोंदणीला म्हणून पासपोर्ट नेलेत," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "आज कशाला हवेत? इस्त्री करायला? बारा वर्षं मी हे विसरलेलो नाही. माझ्या घरात येऊन, माझ्या हातून किल्ली घेऊन, माझीच पोर पळवलीत तुम्ही! एवढा मोठा लबाड आमच्या अख्ख्या सेकंडहँड बाजारात नाही!"

 त्याने बहिणीकडे बघितलं. ती पोह्यांच्या बशा घेऊन आत आली होती.

"दादाला ते मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"काय सांगितलं होतंस?"

"नोंदणीचं. पासपोर्ट नोंदणीला पाहिजेत असं म्हण, म्हणून. तो नको म्हणत होता."

मी मेहुण्याकडे बघितलं. तो म्हणाला, "बशी तरी घ्या, दाजी. पोहे गार होतायत."

"माझ्याकडे मागायचे होतेस!"

"मागितले होते. दोन वेळा. तुम्ही म्हणालात, युद्ध होणार नाही, आणि टीव्हीकडे वळलात." ती बशा मांडतच होती. "तो अमेरिकेत बसून बोलतो. त्याला मी दिसत नाही. तुम्ही तर समोर होतात."

मला आजही खात्री नाही की हे वाक्य बहीण-भावाने आधी ठरवलेलं नव्हतं. इतकं नेमकं कुणी पोहे वाढता वाढता बोलत नाही. पण तेव्हा, सापडलो की मी ओरडतो, तसा ओरडलो. एवढी वर्षं मला का नाही सांगितलं, या माणसाला माझ्या शिव्या का खाऊ दिल्या?

"सवय झाली मला," मेहुणा म्हणाला. "दिवाळीला शिव्या, पाडव्याला शांतता."

बायको हसली नाही. तिने माझ्यापुढे हात केला. "दोन पासपोर्ट द्या. माझा आणि तिचा."

"म्हणजे जाणार."

"ते मी ठरवीन."

"आधी सांग जाणार नाहीस म्हणून. मग देतो."

"नाही."

"बरं, तुझा घे. तिचा माझ्याकडे राहू दे. परीक्षा संपली की तिचाही देतो."

ती गप्प. मेहुण्याच्या बशीत लिंबू पिळलं. परत हात पुढे केला.

"निदान आज नको. दोन दिवस थांब. भाव... म्हणजे परिस्थिती बघू."

ती गप्पच. गप्प राहणं हे माझं हत्यार होतं. पठाणी गिऱ्हाइकंसुद्धा माझ्या गप्प राहण्याने खाली आलेली मी बघितली होती. ते हत्यार हिने कधी उचललं कुणास ठाऊक.

दारातून मुलगी म्हणाली, "पप्पा, यू लॉस्ट. सलग तीन वेळा तुम्हीच खाली आलात."

मी गळ्यातली किल्ली काढली. दोरा डोक्यातून निघेना, केसात अडकला. मेहुणा मदतीला उठला तर मी म्हटलं, "हात लावू नका." खण उघडला, दोन पासपोर्ट तिच्या हातावर ठेवले. तिने आतले फोटो उघडून बघितले, जणू मी भलतेच देईन, आणि ते स्वतःच्या कपाटात नेऊन ठेवले. जाणार की नाही, ते सांगितलं नाही. भावाला म्हणाली, "खा आणि जा. परवा पेपर आहे हिचा."

ते दोन दिवस मी गोदामावर गेलो नाही. घरात बसून तिचे हात बघत राहिलो. ती कपडे घडी घालत होती, ते बॅगेत जातात की कपाटात एवढंच बघत होतो. कपाटात गेले. पण तेही नाटक असू शकतं, असं मला वाटत राहिलं.

पेपरच्या दिवशी सकाळी टीव्हीवर बगदादवर बॉम्ब पडताना दिसले आणि मग अध्यक्ष आला. टेबल, झेंडा, फोटो. मुलगी युनिफॉर्ममध्ये, दप्तर पाठीला, जिन्यातून खाली स्कूलबसचा हॉर्न. ती म्हणाली, "इट्स स्टार्टेड," आणि बूट घालायला बसली. बायकोने खिडकीतून बस बघितली, पोरीच्या हातावर दही ठेवलं, आणि तिला जाऊ दिलं. मी दारात उभा होतो. मला कुणी काही विचारलं नव्हतं.

मग तिने अबुधाबीला फोन लावला.

"नाही, दादा. नाही जात आम्ही. पेपर आहेत तिचे... ते काय करतील, बसलेत टीव्हीपुढे... वहिनी पोचली ना नीट? मग तू एकटा काय खातोयस? उद्या शुक्रवार आहे, जेवायला ये."

शुक्रवारी सकाळी मी शारजाच्या फिश मार्केटमधून सुरमई आणली. युद्धाच्या नावाखाली मासेवाला भाव वाढवून सांगत होता. कोणतं युद्ध, हबीबी, समुद्र तुझा आहे की त्याचा, म्हणत मी त्याला जागेवर आणला. दुपारी मेहुणा आला, टाय न लावता. आम्ही दोघे समोरासमोर बसलो. आता हा युद्धाचा खर्च कुणाच्या खिशातून निघणार आणि त्यावर अध्यक्ष कधी बोलणार, यावर त्याचं आणि माझं जुंपलं. तो म्हणाला कर्जातून. मी म्हटलं, कर्जातून म्हणजे आपल्यातून. बायको वाढत होती आणि आमच्याकडे लक्ष देत नव्हती.

त्याच्या ताटातला तुकडा संपलेला दिसला तेव्हा मी स्वतःच भांडं ओढलं आणि त्याला आणखी एक वाढला, मधला, मोठा.

"बास, दाजी."

"खावा. विष नाही घातलेलं."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग तुकडा उलटा करून खालची बाजू तपासली, आणि मग खाल्ला.