पेटीत मावणारं कॅबिनेट

गेम खेळायचा कम्प्युटर विकत आणायचा नसतो, घरी जोडायचा असतो, हे मला माझ्या अकरावीतल्या मुलीनं शिकवलं. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात सत्तावीस वर्षं तारा जोडतोय, त्यामुळे "त्यात काय एवढं" म्हणून मोकळा झालो. त्यात काय एवढं असतं, ते तिनं पुढचे पंधरा दिवस दाखवलं.

तिची आई जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. जयपूरच्या या क्वार्टरमध्ये आम्ही दोघं जेवणापुरते समोरासमोर बसायचो. "मीठ?" "हं." संपलं. आणि अचानक ही मुलगी वही घेऊन माझ्या शेजारी बसायला लागली. या प्रोसेसरला हाच मदरबोर्ड लागतो, दुसऱ्यावर तो बसतच नाही. या बोर्डवर नवीन रॅम चालते, जुनी नाही. ग्राफिक्स कार्डाला वीज इतकी लागते, म्हणून पॉवर सप्लाय एवढा मोठा.

"नुसतं खेळायला एवढं लागतं?" मी विचारलं.

"पप्पा, मतलब, तुम्ही इंजिन न लावता गाडी सोडता का?"

अख्ख्या खात्याचा अपमान होता. पण सात महिन्यांतलं तिचं सगळ्यात लांब वाक्य होतं. मी गिळून टाकला.

त्याच दिवसांत मी तिच्यापासून एक गोष्ट लपवत होतो. मी भुसावळला बदली मागितली होती. अर्जात लिहिलं होतं, वृद्ध आईची देखभाल. खरं कारण होतं आमचं स्वयंपाकघर. बायको तिथंच, ओट्याशी कोसळली. त्यानंतर मी त्या खोलीत पाणी प्यायला गेलो तरी पाठ करून उभा राहायचो. चहा कोपऱ्यावरच्या टपरीवर. मुलीला विचारायला हवं होतं. अर्ज मंजूर झाला की सांगू, असं मी रोज ठरवायचो. या बाबतीत माझ्याइतका वक्तशीर माणूस नाही.

आता कॅबिनेटची गोष्ट. कॅबिनेट म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं तो पत्र्याचा डबा. आमच्यासारख्या बदलीवाल्यांच्या घरात बदलीत सामान न्यायची एक काळी लोखंडी पेटी असते, आणि बायकोचा कायदा होता की पेटीत मावेल ती वस्तू आपली, बाकीच्या दुकानाच्या. या कायद्यानं मुलीचं बाहुलीघर दुकानातच राहिलं आणि माझी आरामखुर्चीही. मोजायचा टेप घेतल्याशिवाय आम्ही खरेदीला गेलेलो नाही.

मुलीनं सगळे भाग झोटवाड्यातल्या एका दुकानात ठरवून ठेवले होते. तिची चाचणी परीक्षा होती म्हणून सामान आणायला मी एकटा गेलो. निघण्यापूर्वी खाटेखालची पेटी आतून मोजली. दुकानात तिनं निवडलेलं कॅबिनेट मोजलं. मावत नव्हतं. शेजारचं धाकटं मावत होतं.

"अंकलजी, बिटिया ने तो बडावाला बोला था," दुकानदार म्हणाला.

"बोर्ड बैठेगा ना इसमें?"

"बोर्ड तो बैठ जाएगा, लेकिन..."

"बस फिर." त्याचं 'लेकिन' मी तिथंच ठेवून आलो. घरी सांगितलं, मोठं संपलं होतं.

रविवारी सकाळी आम्ही जमिनीवर चादर पसरून बसलो. बोर्ड बसला. प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय, सगळं बसलं. स्क्रू माझ्या हातून निसटला की ती "राहू द्या, तुम्ही फक्त टॉर्च धरा" म्हणायची. मी धरत होतो, मनातून खूश होतो. मग तिनं ग्राफिक्स कार्ड आत घातलं. ते पुढच्या पत्र्याला टेकलं. दोन बोटं जास्तच लांब होतं. तिनं तिरकं करून पाहिलं, काढून पुन्हा घातलं. मग ती थांबली. कॅबिनेटकडे पाहिलं, खाटेखाली पाहिलं.

"पप्पा, हे पेटीत मावतं ना?"

मी टॉर्च बंद केला.

"बदली आली?"

"आली नाही."

"मग?"

"मागितलीय. आजीसाठी."

"आजी काकांकडे मजेत आहे. परवा फोनवर तुम्हालाच म्हणाली, येऊन माझं डोकं खाऊ नकोस."

मी हसलो. ती हसली नाही.

"मला त्या ओट्याकडे बघवत नाही गं," मी म्हणालो.

"मी रोज तिथंच बसते. तुम्ही ड्युटीवर गेलात की. अभ्यास पण तिथंच करते." तिनं कार्ड पुन्हा खोक्यात घातलं. "भुसावळला मम्मी कुठं आहे?"

ती उठून गेली. पुढचे तीन दिवस मीठसुद्धा मागितलं नाही.

चौथ्या दिवशी मी ऑफिसात अर्ज मागे घ्यायला गेलो. बाबू म्हणाला, "मांगते भी आप हो, रोकते भी आप हो. फाइल ऊपर जा चुकी." तरी माझा दुसरा कागद, पहिला रद्द करा म्हणणारा, त्यानं घेतला. तिथून कॅबिनेट बदलायला गेलो. दुकानदारानं माझं सगळं ऐकून घेतलं. "मैं वही तो बता रहा था, अंकलजी." उघडलेलं परत घेत नाहीत.

शेवटी डेपोतून पत्रा कापायची कात्री आणली. पुढच्या बाजूला भोक पाडलं. मुलगी आली आणि कॅबिनेट धरून बसली. कार्ड आता पुढून दोन बोटं बाहेर डोकावतं. कम्प्युटर चालला, पंखे फिरले. ती म्हणाली, "दिसतंय भयानक." एवढंच.

वरून उत्तर अजून आलेलं नाही. कुठला कागद आधी पोचेल, माझा पहिला की दुसरा, हे बाबूलाही माहीत नाही. तिनं पेटी खाटेखालून ओढून काढली आणि कम्प्युटर तिच्यावर मांडलाय. ती शाळेत असताना मी टेप लावून पाहिला. भोकातून डोकावणाऱ्या त्या दोन बोटांमुळे आता तो पेटीत मावत नाही.

मी घरी आलो की ती मान न वळवता विचारते, "आलं?"

"नाही."

ती हेडफोन लावते. मी आत जाऊन ओट्याशी चहा ठेवतो. उकळेपर्यंत उभा राहतो. पितो मात्र अजून बाहेर येऊनच.