विहीणबाईंचा उलटा टीव्ही

टीव्ही सुधरवणारे लोक सॉफ्टवेअर ‘मारतात’. भरत नाहीत, घालत नाहीत, मारतात. हा शब्द काही मी काढलेला नाही. मी या कामात आले तेव्हा तो आधीच रुळलेला होता. पण मेहकरात आमच्या समोरच्या खोलीत बसून विहीणबाईंनी तो पहिल्यांदा ऐकला, तेव्हा त्यांचा चेहराच उतरला.

“मारू नका हो त्याले,” त्या म्हणाल्या. “आता बिघडला, पण तसा लई गुणाचा हाये.”

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीची सासू. सकाळच्या एसटीनं चिखलीहून आल्या होत्या, टीव्ही गोधडीत गुंडाळून. कंडक्टर म्हणाला मागं ठेवा, तर यांनी खिडकीची सीट टीव्हीला दिली आणि आपण दांडा धरून उभ्या राहिल्या. हे त्यांनीच सांगितलं, पाणी प्यायच्या आधी.

मी हे काम कुठं शिकले नाही. खूप वर्षांपूर्वी आमचा जुना डब्याचा टीव्ही बंद पडला. आमचे हे शाळेत कारकून होते, ते कामावर गेलेले पाहून मी तो उघडला. एक तार सुटलेली दिसली, ती जोडली. संध्याकाळी ह्यांना वाटलं, टीव्ही आपोआप सुधरला. चार महिने मी तसंच वाटू दिलं. पुढं पातळ टीव्ही आले, मोबाईल आला, मोबाईलवर दुरुस्तीचे व्हिडिओ आले, आणि मी भाजी निवडता निवडता पाहत गेले. आता अर्ध्या गल्लीचे टीव्ही माझ्या टेबलावरून गेलेत.

तरी त्या दिवशी मला धाकधूक होती. कारण आदल्या दिवशी लेकीचा फोन आला होता. “आई, सासूबाई दुकानात नेणार होत्या. मीच म्हटलं, माझी आई करून देते. त्या म्हणाल्या, बाईमाणसाच्या हातून टीव्ही सुधरते काय? मी जबान देऊन बसली आता. नाही झाला तर वर्षभर ऐकावं लागंल मले.”

म्हणजे टेबलावर टीव्ही नव्हता, माझ्या पोरीचा शब्द होता.

बिघाड साधा होता. चालू केला की कंपनीचं चिन्ह यायचं, जायचं, पुन्हा यायचं. घरातलं एखादं माणूस दारापर्यंत येऊन परत फिरावं, तसं. यात बहुतेक वेळा आतलं सॉफ्टवेअर बिघडलेलं असतं. ते पुसून नवं टाकायचं, की झालं. अट एकच. प्रत्येक पडद्याच्या पाठीवर एक नंबर चिकटवलेला असतो. फाईल त्याच नंबरची पाहिजे.

मी पाठ उघडली. नंबराच्या चिठ्ठीवर लाल डाग पडला होता. शेवटून दुसरा आकडा काही दिसेना. मी चष्मा वर केला, खाली केला. आठ वाटला. विहीणबाई शेजारी खुर्ची ओढून बसलेल्या, त्यांच्यासमोर ‘दिसत नाही’ कसं म्हणायचं? मी आठची फाईल काढली, पेनड्राईव्हवर घेतली आणि लावली.

“आता दोन मिनिटं कोणी बटनाला हात लावू नका,” मी म्हटलं. लाल दिवा लुकलुकत होता. विहीणबाईंनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

दिवा थांबला. चिन्ह आलं आणि परत गेलं नाही. मागून चित्र आलं. बातम्या सांगणारी बाई वटवाघळासारखी उलटी लटकली होती, आणि तशीच अगदी गंभीरपणे बोलत होती.

विहीणबाईंनी मान डावीकडे वाकवली. मग अजून वाकवली. मग शांतपणे विचारलं, “तुमच्या मेहकरात बातम्या अशाच पाह्यतात काय?”

तेवढ्यात आमचे हे चहा घेऊन आले. त्यांनी पडदा पाहिला, विहीणबाईंना पाहिलं आणि म्हणाले, “त्यात काय एवढं? टीव्हीच उलटा टांगा ना.”

मी डोळे वटारले, पण विहीणबाई विचारात पडल्या. “टांगता येते काय तसा?” त्या म्हणाल्या. “खिळे तर हायेतच भिंतीले.”

खरं सांगते, एक क्षण मला मोह झाला. चित्र सरळ, आवाज सरळ, विहीण खूश, लेक सुटली. पण मग डोळ्यांपुढं आलं, चिखलीच्या त्यांच्या बैठकीत पाहुणे बसलेत, टीव्हीवरचं कंपनीचं नाव वर गेलंय आणि उलटं दिसतंय, आणि जो येईल तो विचारतोय, हे कोणी केलं? आणि माझी पोर चहाचा ट्रे घेऊन उभी.

“नाही येत,” मी म्हटलं. “माझंच चुकलं, विहीणबाई. आकडा नीट दिसत नव्हता, मी अंदाजानं धरला. पडदा एक, सॉफ्टवेअर दुसऱ्याचं. म्हणून उलटं झालं.”

त्या उठल्या, टीव्हीच्या मागं गेल्या आणि तो लाल डाग पाहून तिथंच थबकल्या.

“हे तं कुंकू हाये,” त्या हळूच म्हणाल्या.

“आत कुंकू कसं जाईल?”

“दसऱ्याले साऱ्या वस्तूंची पूजा केली. समोरून काच खराब होईल म्हणून याची मागून केली. पाणी शिंपडलं, कुंकू वाह्यलं. जाळीतून गेलं असंन.” मग ह्यांच्याकडे वळून, “तुम्ही काऊन हासून राह्यले, भाऊ?”

ह्यांनी चहात तोंड घातलं.

मी कापसावर थिनर घेतलं. विहीणबाईंनी माझं मनगटच धरलं. “थांबा. त्यानं कुंकवासंगं अक्षर बी जाईन. खोबरेल आना.”

आणि खरंच, मी इतकी वर्षं कुंकू लावते, रात्री तेलाच्या बोटानं पुसते, पण कामाच्या टेबलावर बसलं की हे डोक्यात येत नाही. त्यांनी कापसाचा बोळा तेलात बुडवला आणि तान्ह्या लेकराचं कपाळ पुसावं तसा आकडा पुसला. खालून तीन निघाला.

तीनची फाईल माझ्याकडे नव्हती. टीव्हीवाल्यांचा मोबाईलवर गट आहे, त्यात मागितली. अकोल्याकडच्या एका भावानं पाठवेपर्यंत आमचं जेवण झालं. पुन्हा लावली. पुन्हा दोन मिनिटं. या वेळी विहीणबाईंनी हात मांडीखाली घेतले नाहीत, माझ्या खांद्यावर ठेवले.

बाई सरळ उभी राहिली.

विहीणबाईंनी लगेच फोन लावला, आवाज मोठा ठेवून. पलीकडून माझ्या लेकीचा बारीक आवाज, “झाला का हो, सासूबाई?”

“हाव, झाला,” त्या म्हणाल्या. “खोबरेल तेल लावून मी सुधरवला. तुह्या मायनं बी बरीच मदत केली.”

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात पलीकडून लेकीचा सुस्कारा ऐकू आला, चांगला लांब, आणि मी तोंड मिटून गोधडीची घडी उलगडायला घेतली.