सुमार्नीचा भाडेकरार

सोलो शहरातल्या त्या गल्लीत सुमार्नीच्या घराला दोन दारं होती. मागचं तिचं, पुढचं कार्सोनो शिंप्याचं. पहाटे ती नारळाच्या दुधातला भात चुलीवर चढवायची, तेव्हा पुढे त्याचं मशीन सुरू व्हायचं. भात विकून तिने मुलगा वाढवला, नवऱ्याचं आजारपण काढलं. नवरा गेला तेव्हा अंगणात चटया अंथरण्यापासून आल्यागेल्याला चहा देण्यापर्यंत सगळं कार्सोनोने पाहिलं. गल्लीतली आगाऊ माणसं पुढे काही दिवस कुजबुजली, मग कंटाळून गप्प बसली. खरं तर दोघांत बोलणंही बेताचंच.

"पाकदे, चहा ठेवलाय."

"कशाला त्रास घेता, बूदे."

मोठे काका आणि मोठी मावशी. त्यापलीकडे हाक कधी गेली नाही.

कार्सोनोचं भाडं ठरलं होतं नवऱ्याच्या हयातीत, ओट्यावर बसून, तोंडी. आमच्याकडे ओळखीच्या माणसाकडून कागद मागायचा म्हणजे त्याला तोंडावर लबाड म्हणण्यासारखंच.

मुलगा युदो जकार्तात नोकरीला. त्याला पुढचा भाग पाडून विद्यार्थ्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. ईदला आला तो छापील करार घेऊनच. मालकाचं नाव, भाडेकरूचं नाव, मुदत एक वर्ष, खाली सरकारी तिकीट चिकटवलेलं.

"मग त्यांना जा म्हणून मी सांगायचं?" सुमार्नीने विचारलं.

"कुणीच सांगायचं नाही, इबू! तोंडी भाडं असलं की आधी कळवावं लागतं, रीतीप्रमाणे वेळ द्यावा लागतो. कागदावर तारीख पडली की त्या दिवशी करार आपोआप संपला. कायदाच आहे तसा."

"आणि त्यांनी सही नाही केली तर?"

"तर राहू दे. म्हाताऱ्याशी भांडत बसायला मला कुठे वेळ आहे?"

या शेवटच्या वाक्याला ती धरून बसली. कार्सोनो नाही म्हणेल. निदान कुरकुर करेल. मग मुलाला सांगता येईल, ते तयार नाहीत, सोड आता. मुलाचा शब्दही मोडायचा नाही आणि शेजाऱ्याचं बिऱ्हाडही उठवायचं नाही, असे दोन डगरींवर पाय ठेवून बाई उभी राहिली. 'सही करू नका' हे तीन शब्द तिच्या तोंडून निघाले असते तर काय आभाळ कोसळलं असतं? पण असं थेट बोलणं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने चहा, सोयाबीनचं तळलेलं तेंपे आणि तो कागद एकाच तबकात घालून पुढच्या दारी नेला.

"घाई नाही, पाकदे. ठेवून घ्या. क्लातेन गावी दिलेल्या तुमच्या लेकीला दाखवा."

कार्सोनोने सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

"मुदत एकच वर्षाची आहे," ती म्हणाली.

"दिसतंय."

"एखाद्याला पटत नाही असं. नाही पटलं तर... नुसतं सांगायचं. राग नाही कुणाला."

आता आमच्या गावात 'घाई नाही' म्हणणाऱ्यालाच घाई असते, हे शेंबडं पोरही सांगेल. कार्सोनोने पेन मागितलं. अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर, अशी रीतसर सही केली आणि तबक जवळ ओढलं.

"चहा छान झालाय, बूदे."

कागद हिसकावून फाडावा असं तिला वाटलं. ती म्हणाली, "साखर पुरेशी आहे ना?"

मुदत संपायला अजून बरेच दिवस असताना, एका सकाळी पुढच्या दारी हातगाडी उभी राहिली. चादरीत गुंडाळलेलं मशीन तिच्यावर चढलेलं होतं. सुमार्नी खोबऱ्याच्या हातांनीच धावली.

"अहो, अजून मुदत आहे!"

"म्हणूनच आत्ता निघालो. तारखेपर्यंत थांबलो असतो तर माझं तोंड बघून तुम्हाला रोज अवघडल्यासारखं झालं असतं." तो हसला. "कागद देताना 'घाई नाही' म्हणालात, तेव्हाच कळलं. म्हटलं, यांना 'जा' म्हणायची पाळी आणू नये. म्हणून लगेच केली सही."

"पाकदे, मला वाटलं होतं की तुम्ही..."

तो थांबला. ऐकायला खरोखर थांबला. पण आता काय सांगायचं? तुम्ही नाही म्हणावं म्हणून आले होते? म्हणजे जाता जाता त्याच्या भलेपणाचीही माती करायची. तिने गाडीवरच्या मशीनकडे पाहिलं.

"लेकीकडे मशीनला जागा आहे ना?"

"नाही. वाटेत बाजारात देऊन टाकतो. डोळेही आता साथ देत नाहीत."

डोळे चांगले होते त्याचे. परवाच त्याने तिच्या झग्याची किनार शिवून दिली होती.

"सावकाश जा," ती म्हणाली. गाडी वळणाआड गेल्यावर ती पायरीवर बसून पोटभर रडली.

संध्याकाळी युदोचा फोन आला.

"गेले? काही बोलले का?"

"नाही."

"बघ! कागद असला की किती सोपं होतं. कुणाला काही बोलावंच लागत नाही."

"हो रे बाळा," सुमार्नी म्हणाली. "कुणीच काही बोललं नाही."