पाइपांखालचं बीळ

आखातात, बिरकत अल अवामेरच्या पुढे, उघड्या वाळवंटात आमच्या कंपनीचं पाइपांचं यार्ड होतं. मी तिथे ट्रेलर चालवायचो. फेब्रुवारीतल्या एका सकाळी गाडी मागे घेताना पाइपांच्या थप्पीखालून एक तोंड बाहेर आलं. मोठाले कान, निमुळतं नाक, वाळूच्याच रंगाचं अंग. माझ्याकडे टक लावून बघितलं आणि पुन्हा आत गेलं.

माणदेशात वडिलांबरोबर मेंढरं राखताना मी अशी खोकडं कितीदा पाहिली होती. जेवणाच्या सुट्टीत वडिलांना फोन लावला. एरवी "जेवलास का?" "जेवलो." एवढ्यात आमचं बोलणं संपायचं.

"आबा, हितं खोकड हाय. पाइपांखाली बीळ केलंय."

"वाळूत? तोंडं किती हायत बिळाला?"

मी उठून बघून आलो. "दोन. माती ताजी हाय."

"मग पिल्लं असणार. ह्येच दिस हायत. दोन्ही तोंडं बुजवू नका."

ती थप्पी त्याच आठवड्यात उचलायची होती. आमच्या मल्याळी फोरमनला हिंदीत सांगितलं. तो वाकून बघून आला आणि म्हणाला, "यल्ला, चलो, पहले उधर का माल उठाओ."

चार दिवस आम्ही दुसऱ्या टोकाकडून माल भरला. रोज दुपारी मी आबांना फोन करायचो. मादीनं सरडा आणला, आमच्या हातून पडलेला खजूर खाल्ला, असं सांगायचो. "आपल्याकडं बोरं खात्यात," ते म्हणायचे. कुठल्या ओघळीला कुठलं बीळ होतं, तेही त्यांना आठवत होतं. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

पाचव्या दिवशी क्रेन जवळ आली. मादी बाहेर आली ती पिल्लू तोंडात धरूनच. पलीकडच्या खळग्यात काटेरी झुडपं होती, तिथे ठेवून परत आली. अशा चार खेपा केल्या. फोरमननं क्रेन थांबवायला हात वर केला, तो शेवटचं पिल्लू जाईपर्यंत खाली घेतला नाही.

"गेली, आबा," मी फोनवर म्हणालो.

त्यांनी विचारलं, "तू कधी येतोस?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी मे महिन्यात सुट्टी काढून गेलो. संध्याकाळी दोघं माळावर जाऊन बसायचो. खोकड एकदाही दिसलं नाही. तरी रोज उन्हं कलली की आबा काठी घेऊन दारात उभे असायचे.