आण्णांचं नाक आणि पांढरा धूर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गॅरेजमधल्या सोबत्यांना नाही, देवापुढंसुद्धा नाही — त्याला माहीत असणारच, म्हणून तिथं गप्प बसलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली. पण ती शेवटी. आधी आण्णा.

उमरग्यात हायवेला लागून आमचं गॅरेज आहे. आमचं म्हणजे मल्लप्पा आण्णांचं. मी बालाजी, बावीस वर्षं झाली तिथं काम करतोय. आण्णा माझे उस्ताद. अहो, काय नाक होतं त्या माणसाचं! थंडीच्या दिवसांत जुनी डिझेल गाडी सकाळी चालू केली की पांढरा धूर सोडते. आता तो धूर कशाचा? दुसरा मेस्त्री असता तर आधी इंजिन खोलून बसला असता. आण्णा पाना हातातच घ्यायचे नाहीत. पायजमा वर ओढून सायलेन्सरमागं उकिडवे बसायचे, तळहात धुरात धरायचे, बोटं एकमेकांवर चोळायचे आणि नाकाशी न्यायचे. बोटं नुसती ओली, वास काहीच नाही — दव. रात्रीतून नळीत साचलेलं पाणी, दोन मिनिटांत जाईल, गाडी खुशाल घरी न्या. डोळ्याला झोंबलं, बोटं चिकट झाली — कच्चं डिझेल, इंजिन तापवणारे प्लग गेले. आणि वास गोडसर आला, तर आण्णा मान वर करून कन्नडमधून म्हणायचे, "सिही!" सिही म्हणजे गोड. म्हणजे रेडिएटरचं हिरवं कूलंट इंजिनात गळतंय, हेडखालचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं, गॅस्केट गेलंय. साध्या पाण्याला वास नसतो, म्हणून गिऱ्हाइकांच्या हातापाया पडून ते रेडिएटरमधलं बोरचं पाणी काढायला लावायचे आणि कूलंट भरायचे.

आणि त्या नाकाला किती जपायचे! तंबाखू कधीच सोडलेली. थंड गाडी चालू होईपर्यंत चहा नाही. गॅरेजात सिद्धरामेश्वराचा फोटो आहे — त्याला उदबत्तीसुद्धा गाडी बघून झाल्यावर. देव दहा मिनिटं थांबंल, म्हणायचे, धूर थांबत न्हाय. त्यांच्यासारख्या शिवभक्त माणसानं हे म्हणावं, म्हणजे बघा.

तरी त्यांचा स्वतःवर आंधळा विश्वास नव्हता. हे मला फार मोठं वाटायचं, अजून वाटतं. संशय असलेली गाडी ते आदल्या दिवशी ठेवून घ्यायचे. इंजिन निवलं की शेजारच्या पानटपरीवरून बोटभर चुना आणायचे आणि कूलंटच्या बाटलीवर, पाणी असेल तिथं, रेष ओढायचे. सकाळी पाणी रेषेच्या खाली गेलं तर गळती. "माझं नाक चुकंल एखांद्या वेळी," म्हणायचे, "रेष कशी चुकंल?" एवढा जाणता माणूस, पण स्वतःच्या नाकावर पहाऱ्याला चुन्याची रेष नेमलेली.

आता तिथं येतो. यायलाच लागणार ना?

अकरा वर्षांपूर्वी लोहाऱ्याकडच्या शिंदे बाईंची गाडी आली. बाई शाळेतून रिटायर झालेल्या, गाडी त्यांच्याइतकीच जपलेली. तिचं हेडचं काम आण्णांनी मला एकट्याला दिलं. पहिल्यांदाच. "हे हेड तुझं, बालाजी," म्हणाले आणि खरंच फिरकले नाहीत. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत आवळायचे असतात, नाहीतर गॅस्केट गळायला लागतं. दोन फेऱ्या झाल्या. तिसरी — तिसरी मी केलीच नाही. शेजारच्या गावात जत्रेच्या कुस्त्या होत्या आणि शेवटची कुस्ती मला चुकवायची नव्हती. हो, एवढंच कारण. घरात कुणी आजारी नव्हतं, काही नव्हतं. हात धुतले आणि गेलो. कुस्ती बरोबरीत सुटली.

तीन आठवड्यांनी बाई परत आल्या. सकाळी सकाळी पांढरा धूर येतोय म्हणाल्या. मला ती राहिलेली तिसरी फेरी आठवली. आण्णांनी गाडी ठेवून घेतली, संध्याकाळी चुन्याची रेष ओढली. त्यांना माझ्याबद्दल जरासुद्धा शंका नव्हती. उलट बाईंना म्हणाले, हेड बालाजीनं बांधलंय, तिथं घोर नको, दवच असंल.

दुसऱ्या दिवशी मी सहालाच गॅरेज उघडलं. बोनेट वर केलं. पाणी रेषेच्या दोन बोटं खाली.

मी तेव्हा सांगू शकलो असतो. आण्णा माझ्यावर ओरडले असते, बस्स. त्यांनी मला हाकललं नसतं, हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. मग का नाही सांगितलं? "हे हेड तुझं" हे त्यांचे शब्द मला सोडवेनात. मी कूलंटचा डबा घेतला आणि बाटली रेषेपर्यंत भरली. सांडलेले दोन थेंब फडक्यानं पुसले.

सातला आण्णा आले. आठच्या आत बाईही आल्या. मी चावी फिरवली, गाडीनं धूर सोडला. आण्णा बसले, हात धरला, बोटं चोळली, नाकाशी नेली. "सिही," म्हणाले. मग स्वतःच कपाळाला आठ्या घालून उठले, बाटली बघितली. पाणी बरोब्बर रेषेवर. पुन्हा खाली बसले, पुन्हा वास घेतला.

"बालाजी, गोड येतंय रं. तू बघ बरं."

मी बसलो. हात धरला. वास गोड होता. स्पष्ट गोड, कुणालाही कळला असता. मी आण्णांकडं बघून म्हणालो, "न्हाय आण्णा. मला तर कसलाच वास येत न्हाय. दवच हाय."

ते तिसऱ्यांदा बसले. आता धूर विरळ झाला होता. त्यांनी बोटं नाकाशी किती तरी वेळ धरली. मग पायजम्याला पुसली आणि हसून बाईंना म्हणाले, "गाडी न्या बाई. माझंच नाक म्हातारं झालं."

पाणी भरलं ती लबाडी झाली. पण हे जे मी तोंडानं बोललो, त्याला काय म्हणू? ज्या माणसानं मला वास घ्यायला शिकवलं, त्यालाच मी सांगितलं की तुमचं नाक गेलं. आणि त्यांनी ते मानलं! माझ्यावर, त्या रेषेवर, त्यांचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता.

पुढं मी सगळं निस्तरलं. आण्णा चार दिवस लेकीकडं बिदरला गेले, तेव्हा बाईंची गाडी सर्व्हिसिंगच्या नावाखाली मागवली, हेड उतरवलं, नवीन गॅस्केट घातलं, तिन्ही फेऱ्या आवळल्या. गाडीला काही झालं नाही. बाईंनाही काही कळलं नाही. त्या बिचाऱ्या मायेनंच सगळ्यांना सांगत सुटल्या — आण्णांनी उगाच घाबरवलं होतं हो, बालाजीनं बरोबर ओळखलं. आण्णांसमोरसुद्धा म्हणाल्या. आण्णा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले.

पण बिदरहून आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी काय केलं माहितीय? एक गाडी रात्रभर उभी होती, अजून चालू करायची होती. आण्णा आले, चप्पल काढली आणि आधी फोटोला उदबत्ती लावली. सगळ्या गॅरेजभर धूर. मग चहा मागवला. मला म्हणाले, "तू बघ रं गाडी." त्या दिवसापासून ते सायलेन्सरमागं बसले नाहीत.

आता त्या जागी मी बसतो. उमरग्यात लोक म्हणतात, बालाजीचं नाक म्हणजे नाक. पार आळंदहून गाड्या येतात. कुणी असं म्हटलं की आण्णा खुर्चीतून मान डोलावतात. अठ्ठ्याहत्तरी गाठली त्यांनी, रोज सकाळी गॅरेजसमोर कोवळ्या उन्हात बसतात. माझं कौतुक त्यांच्याइतकं कुणी करत नाही. ते ऐकताना मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं — आणि तरी मी ते ऐकून घेतो.

आता गेल्या आठवड्याचं. एका शेतकऱ्याची जुनी गाडी आली होती, तीच तक्रार. मी सकाळी चालू केली, बसलो, बोटं नाकाशी नेली. मला काही आलं नाही. खरंच नाही आलं, खोटं नाही सांगत. "दव हाय," म्हणालो आणि सहज वर बघितलं. वारा आण्णांच्या बाजूला होता, धूर त्यांच्या खुर्चीवरून चालला होता. आण्णांचे डोळे मिटलेले. आणि ओठ हलले. आवाज नाही, पण तो शब्द मी त्या ओठांवर शेकडो वेळा बघितलाय. सिही.

मी विचारलं, "काय म्हणालात आण्णा?"

त्यांनी गडबडीनं डोळे उघडले. "काय न्हाय रं. तू म्हणतूस तेच."

मी गाडी ठेवून घेतली. संध्याकाळी चुना आणला, रेष ओढली. दुसऱ्या दिवशी पाणी रेषेच्या खाली होतं. या वेळी डब्याला हात लावला नाही. हेड उतरवलं तर गॅस्केट सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेच्या मध्ये काळं पडलेलं.

म्हणजे नाक गेलंच नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी नाही, आजही नाही. माझ्यापेक्षा लांब बसून, या वयात, त्यांना कळलं. अकरा हिवाळे त्यांना सगळं कळत होतं आणि स्वतःला भास होतोय असं समजून ते गप्प बसत होते. मी त्यांना तसं समजायला लावलं होतं म्हणून.

ते काठी टेकत आत आले. काळं गॅस्केट हातात घेऊन उजेडात धरलं, माझ्या पाठीवर थाप मारली. "रेष ओढलीस, लई बरं केलंस बाळा. माझं नाक तर गेलंच, पर तू रेष सोडली न्हाईस."

माझ्या तोंडाशी आलं होतं. आण्णा समोर उभे होते, गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "तुमीच शिकवलं की आण्णा." आणि पाना शोधायला वळलो.

आज सकाळी ते नेहमीच्या वेळेला आले. दारात एक थंड गाडी उभी होती. त्यांनी चप्पल काढली, खिशातून काडेपेटी काढली आणि आधी उदबत्ती लावली. मी चावी हातात घेऊन बघत उभा होतो.