सातवी सही आणि फेसाचा चहा

तुमच्या आजीचा मालक कोण होता, असं तुम्हाला कधी कोणी विचारलंय? मबारकाला विचारतात. तिच्याच देशाची, मॉरिटानियाची माणसं, इथे जर्मनीत, लुडविग्सहाफेनच्या ट्रामस्टॉपवर. आजीला गुलामीतून मोकळं केलं, आई मोकळी जन्मली, मबारका इथे कँटीनमध्ये कांदे चिरते, प्रश्न तोच.

२००७ साली तिकडे गुलाम ठेवणं गुन्हा ठरलं. तरी मबारकाच्या भाचीला जन्मदाखला मिळेना, म्हणून शाळाही नाही. मबारकाने वकिलातीला नऊ पत्रं लिहिली. उत्तर शून्य.

मी तिच्याच कँटीनमधली; माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बाई, एकटीचं पत्र कचऱ्यात जातं. शिक्का लागतो. फेराइन काढ." फेराइन म्हणजे नोंदणीची संस्था. तिला सात सह्या लागतात.

रविवारी माझ्या स्वयंपाकघरात जमलो. मबारका धरून पाच त्यांची माणसं, सहावी मी. सातवे आमचे अहो, देवानंद. ऐनवेळी त्यांचा फोन, "शिफ्ट वाढली गं." झालं.

दारात मुख्तार उभा होता. रसायनशास्त्राचा विद्यार्थी, मालकांच्या जमातीतला. जमलेल्यांतल्या एका म्हातारीला गाडीने सोडायला आलेला. म्हणाला, "सातवी माझी घ्या."

 याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चहा ओतला तो मबारकाच्या लोकांनी. याने किटली उचललेली नाही कधी.

मबारकाने किटली त्याच्याकडे सरकवली. "सही नंतर. आधी चहा ओत. सगळ्यांना. स्वतःला शेवटी."

त्याने उंचावरून धार धरली. निम्मा चहा ट्रेमध्ये. त्यांच्याकडे फेसाशिवाय चहा म्हणजे अपमान.

"आल्झो, काय रे, केमिस्ट ना तू? फेस कुठाय?" मबारकाने विचारलं.

"आमच्या लॅबमध्ये फेस आला की ओरडतात, ताई."

म्हातारी इतकी हसली की ओढणी घसरली. दुसऱ्या फेरीला थोडे बुडबुडे. तिसऱ्या फेरीला पेल्यात बोटभर फेस, आणि टाळ्या.

मग त्याने सही केली. "अध्यक्ष कोण?"

"मी," मबारका म्हणाली. "तू साधा सभासद."

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाला, आणि पेले विसळायला उठला.

दीड महिन्यात कोर्टातून नोंदणीचा कागद आला. दहावं पत्र संस्थेच्या शिक्क्याने गेलं. अकराव्या दिवशी उत्तर. शरदात भाचीचा दाखला निघाला; त्याची झेरॉक्स मबारकाने कँटीनमध्ये, कांदे चिरायच्या फळीच्या वर, चिकटवली आहे. साहेबांनासुद्धा थांबवून दाखवते.

तुमच्याही गावात कोणाची तरी यादी सहावर अडकलेली असेल. आपला काय संबंध, म्हणू नका. जा, सातवी सही करा. आणि चहा तुम्ही ओता.